दोन टाक्यांच्या कार्ब्युरेटर ट्रकला इलेक्ट्रिक फ्युएल पंप कुठे आणि कसा बसवावा?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : लष्कराच्या लिलावातून घेतलेला, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक रत्नागिरीत आहे, त्याला मागाहून दुसरी टाकी जोडलेली आहे, आणि मे महिन्यात हापूसच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढताना इंजिन आचके देत बंद पडते व निवल्यावर पुन्हा सुरू होते, तेव्हा इलेक्ट्रिक पंप एक लावावा की प्रत्येक टाकीला स्वतंत्र? माझे उत्तर : एकच लावा, टाक्या बदलणाऱ्या कॉकनंतर, परंतु इंजिनाजवळ नव्हे तर टाक्यांजवळ, त्यांच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली. चिपळूणला माझे गॅरेज असून कुंभार्ली घाटात अशाच तऱ्हेने अडलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, म्हणून कारणांसह लिहितो.

इंजिनाला बोल्टने जोडलेला जुना यांत्रिक पंप, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात, इंजिनातल्या कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावर चालतो आणि टाकीतले पेट्रोल लांबून ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळते, आणि त्यातले हलके घटक तर एरवीही ४० अंशांच्या आसपास वाफ होऊ लागतात. घाटात इंजिन तापलेले, गाडीचा वेग कमी, समोरून वारा नाही. अशा वेळी त्या पंपात आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाणाऱ्या नळीत वाफ कोंडते व पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे, थोडे पेट्रोल साठवणारे भांडे रिकामे पडते. इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ बसवला की पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि वाफ धरण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. हाच पंप इंजिनाजवळ बसवणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण हे पंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चे असतात. खर्च करूनही दुखणे तसेच राहते.

पंप घेण्याआधी टाकीपासून कॉकपर्यंतचा भाग तपासा. तडा गेलेल्या नळीने शहाळे प्यावे तसे इथे होते : नळीतून पेट्रोल बाहेर गळत नाही, पण हवा आत शिरते, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे दोष पंपावर येतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते आणि हवेतली ओल शोषते. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत अर्धी रिकामी टाकी चार महिने उभी राहिली की तळाला पाणी आणि गंजाचा गाळ साचतो. मागाहून बसवलेली टाकी बहुधा क्वचितच वापरली जाते, म्हणून ती आधी उतरवून धुवावी. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात, आणि पंपाच्या आधी जाड जाळीचा, पंपानंतर बारीक फिल्टर ठेवावा.

दोन्ही टाक्यांच्या नळ्या नुसत्या टी लावून एकत्र करू नयेत. उंच टाकीतले पेट्रोल खालच्या टाकीत उतरते, आणि एक टाकी संपली की पंप दुसरीतले पेट्रोल सोडून मोकळ्या नळीतून हवाच ओढतो. दोन पंप लावले तर प्रत्येकापुढे एकतर्फी व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर चालू पंप बंद पंपामधून दुसरी टाकी भरू शकतो. म्हणून चालकाच्या हाताशी येईल असा तीन तोंडांचा पितळी कॉक मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र कार्ब्युरेटरकडून टाकीत परतणारी नळी असेल, तर परत येणारे पेट्रोल ज्या टाकीतून निघाले तिथेच गेले पाहिजे; अन्यथा दुसरी टाकी भरून वाहू लागते. अमेरिकेतल्या दोन टाक्यांच्या पिकअप गाड्यांत यासाठी सहा तोंडांचा, मोटरने फिरणारा व्हॉल्व्ह असे. तो न मिळाल्यास परतीची नळी मोठ्या टाकीत सोडावी, आणि ती टाकी बरीच रिकामी झाल्याखेरीज दुसरीवर जाऊ नये.

पंप कमी दाबाचा हवा. जुन्या साध्या कार्ब्युरेटरला साधारण ३ ते ४ पीएसआय (दाबाचे एकक) पुरतात. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या घरात दाब देतो. तो लावला तर फ्लोटची सुई, म्हणजे भांडे भरताच पेट्रोल अडवणारी सुई, बसूच शकत नाही आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, सांडते. जुना एसी पंप तसाच मध्ये ठेवण्याचा मोहही टाळावा. त्याचा पडदा चिरलेला असेल तर नवा पंप त्यातून पेट्रोल इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात (संपमध्ये) ढकलत राहील. तो काढून त्या जागी गॅस्केटसह पत्रा बसवावा.

विजेच्या बाबतीत प्रथम बॅटरी पाहा, कारण काही लष्करी गाड्या २४ व्होल्टच्या असतात आणि बाजारातले बहुतेक पंप १२ व्होल्टचे. तार बॅटरीपासून फ्यूज व रिले (छोट्या प्रवाहावर चालणारा विजेचा स्विच) यांमार्गे स्वतंत्र न्यावी, इग्निशनच्या तारेवर भार टाकू नये. अर्थिंगसाठी चॅसिसचा रंग खरवडून उघडा पत्रा काढावा, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत पंप मेला म्हणून आणतात, तेव्हा पुष्कळदा याच बोल्टाखाली हिरवट गंज सापडतो.

इंजिन बंद पडले की पंपही बंद पडला पाहिजे, हे सोय म्हणून नव्हे तर जीव वाचवण्यासाठी. अपघातात नळी तुटली आणि चावी चालूच राहिली, तर पंप तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहतो. यासाठी ऑइल प्रेशरवर चालणारा तीन टर्मिनलचा स्विच घ्यावा, जो स्टार्टर फिरत असताना स्टार्टरकडून आणि पुढे ऑइलच्या दाबावर पंपाला वीज देतो. डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्याचा स्विच इथे चालत नाही. तो दाब नसताना जोडणी करतो, म्हणजे नेमके उलट काम. याशिवाय धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच मिळाला तर तोही लावावा.

शेवटी चाचणी, इंजिन थंड असताना आणि जवळ अग्निशामक ठेवून : पंपाला थेट वीज देऊन कार्ब्युरेटरकडची नळी बरणीत सोडावी, आणि अर्ध्या मिनिटात अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल आले पाहिजे. ही चाचणी दोन्ही टाक्यांवर वेगवेगळी करावी. एकीवर धार बारीक आली तर दोष पंपाचा नसून त्याच टाकीच्या नळीचा आहे. नंतर गेज लावून दाब बघावा, आणि पहिले काही दिवस ऑइलची कांडी काढून पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे.