मायक्रोबिटचा (कोडिंग शिकायचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड) प्रोग्रॅम मेककोडच्या (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायची वेबसाइट) सिम्युलेटरवर, म्हणजे स्क्रीनवरच्या नकली बोर्डावर, चालतो, बोर्डावर मात्र काहीच होत नाही. काय चुकतंय?

आधी केबल बदलून बघा. चार्जरसोबत आलेल्या काही केबलींमधून नुसती वीज जाते, डेटा जात नाही. बोर्डाचा दिवा लागतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. (माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती.) केबल चांगली असेल तर कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखा ‘मायक्रोबिट’ ड्राइव्ह दिसतो. त्याऐवजी ‘मेंटेनन्स’ असं नाव आलं, तर केबल लावताना मागचं रिसेट बटण दाबलं गेलंय. काढून परत लावा.

दुसरं म्हणजे मेककोडमध्ये ‘डाउनलोड’ दाबल्यावर हेक्स फाइल (बोर्डासाठी तयार झालेला तुमचा प्रोग्रॅम) बऱ्याचदा डाउनलोड्स फोल्डरमध्येच पडून राहते. ती ओढून ‘मायक्रोबिट’ ड्राइव्हवर टाका. मागचा पिवळा दिवा लुकलुकेल, ड्राइव्ह क्षणभर गायब होऊन परत येईल आणि फाइल त्यात दिसणार नाही. ते बरोबरच आहे, पुन्हा पुन्हा टाकत बसू नका.

ब्लॉक फिके दिसत असतील तर ते ‘ऑन स्टार्ट’ (सुरुवातीला एकदा चालणारा) किंवा ‘फॉरएव्हर’ (सतत चालणारा) अशा मुख्य ब्लॉकमध्ये नीट अडकलेले नाहीत, पण मग सिम्युलेटरवरही चालले नसते. तुमची अडचण बहुधा केबलचीच.