मूल घरी आलं, पण माया येत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही नवरा-बायकोने खूप प्रार्थना करून आठ महिन्यांपूर्वी सात वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. तो अनाथाश्रमात होता, आणि त्याआधी घरी बापाचा मार खायचा, एवढंच आम्हाला कळलं. पहिले दोन महिने सुरेख गेले. आता तो उशीखाली खाऊ लपवतो, धडधडीत खोटं बोलतो. माझ्याजवळ येत नाही, पण चर्चमध्ये कुणाच्याही गळ्यात पडतो. आमची अकरा वर्षांची मुलगी गप्प गप्प असते. मंडळीतले लोक म्हणतात, 'केवढं पुण्याचं काम केलंत!' आणि मला तर त्याच्याबद्दल माया वाटत नाही. देवाचं पाचारण मी चुकीचं ऐकलं का?

प्रिय बंधू,

पाचारणाचा निकाल मुलाच्या वागण्यावरून लावू नका. पाचारण तुम्हाला झालं होतं, त्याला नव्हतं. त्याचं अंथरूण बदललं, माणसं बदलली, आणि कुणाला 'पप्पा' म्हणायचं हेही मोठ्यांनीच ठरवलं. म्हणून कृतज्ञतेची अपेक्षा आधी मनातून काढून टाका. देव आपल्याला मुलं म्हणून दत्तक घेतो, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन विश्वासणाऱ्याला धीर देतं. पण घरात ते लावताना आपण नकळत देवाच्या जागी बसतो आणि मुलाला उद्धार झालेल्या पाप्याच्या जागी बसवतो. ते ओझं त्याच्यावर नको.

माया वाटत नाही, याची लाजही नको. इतक्या मोठ्या वयात आलेल्या मुलाबद्दल आठ महिन्यांत पोटातून माया न येणं फार सामान्य आहे. पुष्कळ पालकांना ती यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय या नजरेने पुन्हा वाचा. मरियेचा नवरा योसेफ, त्याला बाळ येशूबद्दल काय वाटलं, हे तिथे कुठेच नाही. त्याने काय केलं, ते आहे: मरियेला घरी आणलं, बाळाचं नाव ठेवलं, धोका कळल्यावर रात्रीच उठून दोघांना घेऊन मिसर देशाला निघाला. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एक शब्दही नोंदलेला नाही. तुमचंही बापपण सध्या कामांतूनच चालू द्या.

पहिले दोन महिने सुरेख गेले, कारण तेव्हा तो पाहुणा होता. आता इथे राहायचं असावं असं त्याला वाटू लागलंय, आणि तेच त्याला भिववतंय. 'मी वाईट वागलो तर हे मला परत पाठवतील का?' हे तो तोंडाने विचारू शकत नाही, म्हणून वागून विचारतोय. रागाच्या भरातही 'तुला परत नेऊन सोडीन' हे शब्द तुमच्या घरात कुणाच्याच तोंडून निघता कामा नयेत. एकदा निघाले की ते पुसायला महिने जातात.

खाऊ लपवणं ही चोरी समजू नका. ज्याला पुढचं जेवण मिळेल याची खात्री कधी नव्हती, त्याचं शरीर साठा करायला शिकतं. एक झाकणाचा डबा त्याच्या नावाने करा आणि त्याच्या खोलीत, त्याच्या हाताला येईल असा ठेवा. त्यात बिस्किटं, सुका मेवा, न नासणारं काहीही. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून तो उघडायचा आणि कमी झालं असेल ते भरायचं. किती खाल्लं, का खाल्लं, हे विचारायचं नाही. दिवसभरात दर दोन-तीन तासांनी काहीतरी खायला द्या, आणि ठरलेल्या वेळेलाच द्या. स्वयंपाकघराला कुलूप लावलंत किंवा शिक्षा म्हणून जेवण रोखलंत, तर साठवणं वाढेल. उशीखाली काही सापडलं तर ओरडू नका. 'हे खराब होईल, तुझ्या डब्यात ठेवू या' एवढंच म्हणा. डबा कायम भरलेला असतो हे पटायला कित्येक महिने लागतील. मग तो स्वतःच त्याला विसरू लागेल.

खोट्याचं मूळही भीतीत आहे. मार खाल्लेल्या मुलाला खरं बोलणं धोक्याचं वाटतं. म्हणून उत्तर माहीत असलेला प्रश्न त्याला विचारूच नका. 'ताईची पेन तू घेतलीस का?' म्हटलं की तो 'नाही' म्हणणार, आणि तुम्ही दोघंही अडकणार. त्याऐवजी 'ताईची पेन तुझ्या दप्तरात आहे, चल, दोघं मिळून परत देऊ' म्हणा आणि उठा. पापाची कबुली, पश्चात्ताप, क्षमा यांचं शिक्षण जरूर द्या, पण त्या क्षणी नको. घाबरलेल्या डोक्यात शिकवण शिरत नाही.

मुलाला छडीने वळण लावावं, हे बायबलमधलं वचन तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. मार खाऊन आलेल्या मुलावर हात उगारला, तर त्याला शिस्त दिसत नाही, जुना बाप दिसतो. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञापालन सांगितल्यावर लगेच बापांना सांगितलंय की मुलांना चिडीस आणू नका. तुमच्या घरी या दुसऱ्या वाक्याची गरज आधी आहे. त्याला एकटं कोंडू नका, 'खोलीत जा' म्हणून हाकलू नका. तो भडकला की हातभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, आवाज खाली आणा, बोलणं कमी करा. नियम मोडला असेल तर त्याची भरपाई शांत झाल्यावर करून घ्या.

आता प्रार्थनेबद्दल, कारण तुमच्या घरात ती रोज होत असणार. झोपण्याआधी सगळे डोळे मिटतात तेव्हा त्याच्याकडे एकदा पाहा. बहुधा त्याचे डोळे उघडे असतील आणि नजर दाराकडे असेल. मार बेसावध असतानाच पडतो, हे तो शिकलाय. त्याला डोळे मिटायला, हात जोडायला लावू नका. प्रार्थना दोन-तीन वाक्यांची ठेवा. 'स्वर्गीय पिता' हे शब्दही त्याच्या कानाला वेगळेच लागतात. ज्याला बाप म्हणजे पट्टा ठाऊक आहे, त्याला आभाळाएवढा बाप भीतीचाच वाटेल. काही काळ मेंढपाळ, मित्र, येशू अशी नावं घ्या. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना घरात म्हणायची सोडू नका, पण त्याने ती म्हटलीच पाहिजे असा हट्ट नको. बाप कसा असतो, हे आधी त्याला तुमच्याकडे बघून कळायचंय.

त्यासाठी रोज पंधरा मिनिटं त्याच्याशी खेळा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. खेळ तो निवडेल. तुम्ही शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, तो जे करतोय तेच बोलून दाखवायचं: 'अच्छा, गाडी पुलाखालून गेली.' जवळ घ्यावंसं वाटलं तर आधी विचारा. त्या दिवशी तो वाईट वागला असेल तरी ही पंधरा मिनिटं रद्द होत नाहीत. शिक्षेत ती कापली तर त्यांचा काही उपयोग उरत नाही.

चर्चमध्ये कुणाच्याही गळ्यात पडणं हे प्रेमळपणाचं लक्षण नाही. आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे त्याच्या मनात अजून ठरलेलं नाही. पाळकसाहेबांशी येत्या रविवारच्या आत बोला. पुढचे काही महिने त्याला खाऊ देणं, उचलून घेणं, रडला तर समजावणं हे फक्त तुम्ही दोघांनी करायचं. बाकीच्यांनी हसून हात मिळवावा आणि त्याला तुमच्याकडे पाठवावं. त्याची कहाणी साक्ष म्हणून व्यासपीठावरून सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी. ती त्याची आहे. संडे स्कूलच्या शिक्षिकेला सांगून ठेवा की मोशेच्या टोपलीची गोष्ट बाकीच्या मुलांना गंमतीची वाटते, पण याला त्यात आपल्या बाळाला नदीकाठी सोडणारी आई दिसू शकते. त्या आईने त्याला वाचवण्यासाठीच ते केलं, आणि पुढे तिनेच त्याला दूध पाजलं, हेही मुलांना सांगायला हवं. मंडळीला खरंच मदत करायची असेल तर आठवड्यातून दोनदा जेवणाचा डबा मागा.

मुलीला आठवड्यातून एक तास एकटीला द्या. 'मला तो आवडत नाही' असं ती म्हणाली तर उपदेश न करता ऐकून घ्या. तिच्या वस्तूंना कुलूप असू द्या आणि दोघांच्या झोपायच्या खोल्या वेगळ्या ठेवा. त्याने तिला किंवा स्वतःला इजा केली, किंवा वयाला न शोभणारी लैंगिक वागणूक दिसली, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा.

मुलाची बालरोगतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्या, विशेषतः कान आणि डोळे. 'ऐकत नाही' म्हणून रागावलेल्या मुलाला कधीकधी खरंच ऐकू येत नसतं. समुपदेशक निवडताना आघात सोसलेल्या मुलांबरोबर काम केलेला निवडा, आणि जो सत्रात तुम्हालाही बसवून घेतो तोच घ्या.

आणि तुम्ही. झोप उडालीय, घरी जायची धास्ती वाटते, चिडचिड आवरत नाही, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. दत्तक घेतल्यानंतरचं नैराश्य बापांनाही येतं आणि त्यावर उपचार आहेत. प्रार्थना करत राहा, आणि डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवा.

तुमची,
ताई