जुनं मळणी मशीन, नवी मोटर

प्रश्न : आमची शेती कोरेगाव तालुक्यात. वडिलांनी १९७४ साली घेतलेलं चाकावरचं मळणी मशीन अठरा वर्षं शेडमध्ये उभं आहे. तेव्हा ते मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या ऑइल इंजिनावर चालायचं. इंजिन भंगारात गेलं, त्याची १४ इंची पुली मात्र ठेवलीय. ड्रमची पुलीही १४ इंचीच आहे. आता साडेसात हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची मोटर घेतलीय. तिच्यावर ती जुनी पुली बुश घालून बसवावी आणि यंदाचा शाळू घरीच मळावा असा विचार आहे. ड्रम जाम आहे. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : सुरुवात त्या पुलीपासून. ती मोटरवर बसवू नका. दोन्हीकडं १४ इंच म्हणजे मोटरच्या जितक्या फेऱ्या तितक्याच ड्रमच्या. जो ड्रम जन्मभर ६५० नं फिरला, तो १४४० नं फिरेल. वेग सव्वादोन पट झाला की कणसं झोडणाऱ्या, ड्रमवर आट्यांनी बसवलेल्या लोखंडी खुंट्यांना बाहेर फेकणारा जोर सव्वादोन पट होत नाही, जवळजवळ पाच पट होतो. आणि तुमच्या खुंट्यांचे आटे आधीच अठरा वर्षं गंजलेले.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पलूसला नवीन काम शिकत होतो तेव्हा एका मळ्यात हीच चूक मी स्वतः केलीय. मशीन सुरू झालं, आवाज शिट्टीसारखा चढला, मी खूश. दहा मिनिटांत खाडकन आवाज आला आणि वरच्या पत्र्याला बोटभर भोक पडलं. खुंटी कुणाला लागली नाही हे नशीब. ती सापडली तिसऱ्या दिवशी, म्हशीच्या दावणीत, कडब्याच्या पेंढीतून आलेली. मालक मला काही बोलला नाही. खुंटी फक्त हातात आणून दिली.

हिशेब सोपा आहे. १४ गुणिले ६५०, भागिले १४४० म्हणजे सव्वासहा इंचाच्या किंचित वर. मोटरला ६ इंची पुली घाला, ड्रम साधारण ६१५ नं फिरेल. गव्हाला तेवढं चालतं. शाळूला मी ५०० च्या आसपास सुरुवात करतो, नाहीतर दाणा फुटतो. त्यासाठी मोटरची पुली आणखी लहान करू नका, पट्ट्याला धरायला जागा उरत नाही. ड्रमचीच १७ इंची करून घ्या. मात्र पंखा आणि चाळण ड्रमच्याच शाफ्टवरून चालत असतील तर तेही मंदावतील आणि भुसा दाण्यात येईल. तेव्हा पंख्याच्या झडपा जास्त उघडायच्या. तरी भागलं नाही तर पंख्याची पुली बदलायची.

आता जाम ड्रम. ट्रॅक्टरनं हिसका द्यायचा मोह होतो, तो आवरा. सगळे पट्टे काढा, वरचं झाकण उघडा आणि आत हात घालण्याआधी काठी घाला. उंदरांनी घरटी केलेली असणार, आणि उंदीर असले की त्यांच्यामागं कोण येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पंख्याच्या डब्यातली चिंध्या-भुश्याची गादी काढल्याशिवाय पुढं जाऊ नका. दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर डिझेल सोडा, चार दिवस सकाळ-संध्याकाळ. मग पुलीला दोघांनी धरून थोडं पुढं, थोडं मागं. सुटला तरी तीच बेअरिंग ठेवायची नाहीत. आतलं ग्रीस आता गुळाच्या खड्यासारखं झालेलं असतं. कडेवर कोरलेला नंबर घेऊन सांगली-साताऱ्यात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा.

नवी बेअरिंग बसली की पट्टे न चढवता ड्रमच्या एका टोकाला खडूनं रेघ मारा. हातानं फिरवा आणि आपोआप थांबू द्या. असं पाच-सहा वेळा करा. रेघ दरवेळी वेगळीकडं थांबली तर ठीक. तीच बाजू सारखी खाली येत असेल तर ती जड आहे, म्हणजे समोरची खुंटी झिजलीय किंवा गायब आहे. नवी खुंटी एकटी बसवायची नाही, तिच्या बरोबर समोरचीही बदलायची. आणि दोन्ही किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्यायच्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

आणखी एक. तुमचं मशीन १९७४ चं. मळणी यंत्रांना लागू असलेला धोकादायक यंत्रांचा कायदा आला १९८३ ला. त्यामुळं घास टाकायचं तोंड बहुधा आखूड आणि उघडं असेल. ते किमान ९० सेंटिमीटर लांब हवं आणि त्यातलं ड्रमकडचं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं. पत्रा वाकवून कुठलाही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देतो. हे केल्याशिवाय मशीन सुरू करणार असाल तर वरचं सगळं वाचलं नाही असं समजा. आणि लाइट रात्रीची असेल तर मळणी त्या दिवशी ठेवायची नाही. पेंगुळलेल्या माणसाचा हात घासाबरोबर आत जातो.

पट्टा चढवण्याआधी ड्रमची दिशाही बघा. जुन्या इंजिनावर पट्टा आठच्या आकड्यासारखा तिढा देऊन लावायचे, तुमच्याकडंही तसंच असेल. आता सरळ लावलात तर ड्रम उलटा फिरू शकतो. मोटरच्या तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा बदलते. ते काम वायरमनकडून.

प्रश्न : पट्टा सटकतो म्हणून मळणीवाले राळ टाकतात. टाकू का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : नको. तासभर धरतो, मग राळेचा चकचकीत थर बसतो आणि आणखी सटकतो. आधी पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी धरून बघा, दहातल्या सात वेळा दोष तिथंच निघतो. पट्टा कातडी असेल आणि वाळून कडक झाला असेल तर आतल्या बाजूला एरंडेल चोळून रात्रभर ठेवा. रबरी असेल तर तेलाचा थेंबही नको.