एका ‘सामान्यीकरणा’वर किती ओझं?

नागपुरात धंतोलीत वैद्यकीय अनुवाद करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: गणित, संख्याशास्त्र आणि वैद्यक, तिन्हीकडे ‘जनरलायझेशन’ भेटतं; सगळीकडे ‘सामान्यीकरण’ लिहिलं तर चालेल का?

ताई, मी तरी लिहिणार नाही. खोडी ‘सामान्य’मध्येच आहे. संस्कृतात सामान्य म्हणजे अनेकांत समान असलेलं. वैशेषिक या जुन्या दर्शनाच्या पंडितांनी तर त्याला स्वतंत्र ‘पदार्थ’च, म्हणजे जगातल्या मूळ प्रकारांपैकी एक, मानलं, जसं सगळ्या गायींतलं गोत्व. मराठीत तो शब्द घसरत घसरत ‘साधारण’वर आला, आणि दवाखान्यात ‘रक्तदाब सामान्य आहे’ म्हणजे नॉर्मल. आता फिट्सच्या एका प्रकाराला, ‘जनरलाइज्ड सीझर्स’ना, ‘सामान्यीकृत झटके’ असं छापलंत तर रुग्णाच्या बायकोला वाटेल, चला, साधेच आहेत! प्रत्यक्षात त्यात मेंदूचे दोन्ही अर्धे सापडलेले असतात. तिथे ‘सर्वव्यापी झटके’ लिहा. सूज असेल तर सरळ ‘अंगभर सूज’.

गणितात ‘व्यापकीकरण’ उत्तम. पायथागोरसचं प्रमेय फक्त काटकोन त्रिकोणाचं. कोसाइनचा नियम, जो दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन यांवरून तिसरी बाजू देतो, तो कुठल्याही त्रिकोणाचा. त्यात कोन ९० अंशांचा घेतला की कोसाइन शून्य होतो आणि पायथागोरस जसाच्या तसा हाती येतो. जुनं नव्याच्या पोटात राहतं, धोका काहीच नाही.

संख्याशास्त्रात धोका आहे. तिथलं काम आपल्या म्हणीत आधीच आहे: शितावरून भाताची परीक्षा. पण शीत खरं बोलतं, कारण पातेलं एक, पाणी एक, आच एक. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग वरवर बघून भाव ठरवून पाहा! वरची फळं निवडून लावलेली असू शकतात. हात खालपर्यंत घालावा लागतो. म्हणून इथे मी ‘नमुन्यावरून अनुमान’ म्हणेन.

एका गटावर काढलेला निष्कर्ष दुसऱ्या गटातल्या रुग्णांनाही खरा ठरतो का, हा वैद्यकातला आणखी एक अर्थ. त्याला साधं ‘लागू पडणं’ पुरे. उंची-वजनाच्या निर्देशांकात (बीएमआय) जादा वजनाची रेषा २५ वर आहे. पण आशियाई लोकांत मधुमेहाचा धोका त्याखालीच वाढलेला दिसतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आपल्यासारख्यांसाठी २३ हा सावध होण्याचा आकडा सुचवला. २५ आपल्याला पुरता लागू पडला नाही, इतकंच.

‘सरसकटीकरण’ मात्र या अनुवादांत नको. तो शब्द ‘नागपूरकर म्हणजे तिखट खाणारे’ असल्या वाक्यांसाठी राखून ठेवा. (घरी सावजी रस्सा असला की मी वरणभात मागतो.)