मदरबोर्ड बदलण्याआधी एवढं करा

रॅम, हार्ड डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बदललं तर विंडोज सहसा कुरकुर करत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र तिला तो कॉम्प्युटर नवाच वाटतो आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं येऊन बसतात. घाबरू नका, तुमच्या फायलींना काही होत नाही.

जुना बोर्ड चालू आहे तोवर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडा. विंडोजचं लायसन्स, म्हणजे ती वापरायचा परवाना, तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलंय असं तिथे लिहिलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर आत्ताच जोडून घ्या. माझ्या भावाच्या मशीनचा बोर्ड अचानक जळला, अकाउंट जोडलेलं नव्हतं, आणि विंडोज ॲक्टिव्हेट करायची बिलावरची २५ अक्षरांची की (प्रॉडक्ट की) शोधण्यात आमचा अख्खा रविवार गेला.

बोर्ड बसवल्यावर इंटरनेट लावा, त्याच अकाउंटने लॉगिन करा, ॲक्टिव्हेशनमधल्या ट्रबलशूटमध्ये जा आणि ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडून यादीतून आपला कॉम्प्युटर निवडा. विंडोजची आवृत्ती आधीचीच हवी: होम असेल तर होमच, प्रो असेल तर प्रोच. इथे बरेच जण अडकतात.

लायसन्स कोणतं आहे, हेही बघा. सुटं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डवर नेता येतं. कॉम्प्युटरसोबत आलेलं ओईएम त्याच बोर्डाला बांधलेलं असतं. वॉरंटीत बोर्ड बदलून मिळाला असेल तर कंपनीलाच विचारा. आणि कृपा करून दोन-तीनशे रुपयांच्या कीच्या नादी लागू नका, त्या कधीही बंद पडतात.