मुख्याध्यापकांच्या कार्यपद्धतीचा शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यावर खरोखर किती परिणाम होतो?

बराच होतो, आणि तो भाषणांतून नव्हे, तर वेळापत्रकातून होतो. पुण्यातल्या दोन सत्रांत भरणाऱ्या एखाद्या शाळेत कोणी रजेवर गेले की त्यांच्या तासिका न कुरकुरणाऱ्या त्याच दोन-तीन शिक्षकांच्या माथी मारल्या जात असतील, तर सर्वांत आधी तेच थकतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये शिक्षकासाठी आठवड्याला जे किमान ४५ तास धरले आहेत, त्यांत पूर्वतयारीचाही वेळ आहे. त्यामुळे मोकळी तासिका ही मेहेरबानी नसून कामाचाच भाग आहे, हे प्रमुखाने आधी स्वतः मान्य करायला हवे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांसाठी शिक्षकांना नेमण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम २७ ने दिलेली असल्याने ती कामे मुख्याध्यापकांना फारशी टाळता येत नाहीत. परंतु रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर ‘सकाळपर्यंत माहिती भरा’ असा निरोप पाठवायचा की नाही, हे बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते. (ताणमुक्तीच्या व्याख्यानाला रविवारी सक्तीने बसवणाऱ्या संस्थांविषयी न बोललेलेच बरे.) सुरुवात म्हणून बदली तासिकांची नोंदवही शिक्षक-कक्षात सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी आणि वाटप पाळीपाळीने करावे.