चीनमधल्या पिंगयाओ या जुन्या गावात आईवडिलांसोबत कोटाच्या आत जुन्या चौकाच्या घरात राहावं, की स्टेशनजवळच्या नवीन हॉटेलात? वयस्कर माणसांना झेपेल का, भाडं किती?

चौकातच राहा. भाडं ॲपवर बघा, सीझनप्रमाणे इतकं वरखाली होतं की मी सांगून उपयोग नाही. पण ते ‘वयस्कर माणसांना झेपेल का’ वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच माझा दादा आईसमोर बोलला होता आणि तेव्हापासून आमचं वाजलेलं आहे.

कोविडच्या आधीची गोष्ट. मी पहिल्यापासून म्हणत होते की कोटाच्या आत राहू. दादाचं म्हणणं, आईचे गुडघे, त्यात परदेश, त्यात चीन, लिफ्टवालं नवीन हॉटेलच पाहिजे, आणि मला न विचारता त्यानं गावाबाहेर स्टेशनच्या बाजूला बुकही करून टाकलं. फास्ट ट्रेननं उतरून काउंटरवर गेलो तर तिथल्या मुलीनं पासपोर्ट उलटेपालटे करून बघितले, कुणाला तरी फोन लावला आणि मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं की परदेशी लोकांना आम्ही ठेवत नाही. तिकडे प्रत्येक परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेलला पोलिसांकडे करावी लागते, आणि बऱ्याच जणांना ती भानगड नको असते नाहीतर जमत नाही. दादा चक्क मराठीत भांडला. तेवढ्यात मी माझ्या यादीतल्या कोटातल्या घराला मेसेज टाकला, पासपोर्टचे फोटो पाठवले, आणि मालकीणबाईचं उत्तर आलं, या.

कोटात बाहेरची गाडी नेत नाहीत, बाईंनी वेशीपाशी बॅटरीची गाडी पाठवली. घर शान्शी प्रांतातल्या (पिंगयाओ त्यातच) जुन्या व्यापाऱ्यांची असतात तसंच, बाहेरून नुसती विटांची उंच भिंत, आत अरुंद लांबट चौक, आणि बाजूच्या खोल्यांच्या छपरांचा उतार सगळा आत चौकाकडे, पावसाचं पाणीसुद्धा शेजाऱ्याला मिळायला नको! चीनमधली पहिली हुंडीची पेढी, रिशेंगचांग, 1823 मध्ये याच गावात निघाली. देशभर पैसा फिरवणारी माणसं, पाणी मात्र घरातच.

आता गुडघ्यांचं. खोलीत पलंग नसतो, कांग असतो, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत विटांचा ओटा, वर पातळ गादी आणि मधे चहाचं बुटकं टेबल. पूर्वी चुलीची ऊब खालून फिरवायचे, आता बहुतेक ठिकाणी विजेवर गरम करतात. ओटा साधारण खुर्चीच्या उंचीचा असतो, त्यामुळे आधी टेकायचं आणि मग पाय वर घ्यायचे, जमिनीवरून उठण्याचा प्रश्नच नाही. आईला आयुष्यभर पातळ गादीची सवय, हॉटेलातल्या मऊ गाद्यांवर तिची पाठ धरते. इथे ती गेल्या गेल्या शेकत बसली. पाठ धरली ती दादाची, आणि ती तो अजून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मालकीणबाईंची सासू ओटच्या पिठात उकळतं पाणी घालून मळत होती. आई मला म्हणाली, अगं, ही उकड काढतेय. मग त्या आजींनी पिठाची सुपारीएवढी गोळी गुळगुळीत दगडावर ठेवून तळहाताच्या एका रेट्यात जिभेसारखी पातळ लांबवली, अलगद सोडवून बोटाभोवती गुंडाळली आणि वेताच्या चाळणीत उभी ठेवली, अशा शेजारी शेजारी, मधमाशांच्या पोळ्यासारख्या. काओलाओलाओ म्हणतात. आईनं हात धुतले आणि सरळ शेजारी बसली, पहिल्या चार फाटल्या, पाचवी आजींनी चाळणीत घेतली. आम्हा शाकाहाऱ्यांची जेवणाची सोय तिथेच लागली, वर शान्शीचं काळं व्हिनेगर आणि आईची लसणाची चटणी. (बरोबर मटणाचा रस्सा देतात, तो नको म्हणून आधीच सांगा.) लिफ्टवाल्या हॉटेलात फार तर बुफेतला ब्रेड मिळाला असता. वयस्कर माणसांना काय झेपतं ते त्यांना विचारायचं असतं, त्यांच्यासमोर बसून आपण ठरवायचं नसतं. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो तुला नशिबानं चांगली माणसं मिळाली. बरं, आणि त्या नवीन हॉटेलात कोणतं नशीब आडवं आलं?

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मला शिव्या घालाल. प्रत्येक दाराला उंच लाकडी उंबरा असतो, रात्री आईला हात धरूनच न्यावं लागायचं. बाथरूम खोलीतच, कमोडही, पण जागा चिंचोळी आणि जेट स्प्रे नाही, पाण्याचा मग बरोबर ठेवा. खोल्यांत उजेड कमी. दारं थेट चौकात उघडतात म्हणून कोण कुठे खोकलं तेही कळतं. वरच्या मजल्याचे जिने उभे असतात, खालचीच खोली मागा, आणि मुख्य बाजाराच्या रस्त्यापासून आत दोन गल्ल्या सोडून घ्या, त्या रस्त्यावर संध्याकाळी दुकानांचा गोंगाट असतो. वडिलांना गुडघा अजिबात वाकवता येत नसेल तर पलंगवाली खोली विचारा, काही घरांत मिळते. जानेवारीत नका जाऊ, कांग गरम असला तरी चौक ओलांडताना हाडं गोठतात.

आणि 2024 मध्ये तिथल्या सरकारनं परदेशी पाहुण्यांना नाकारू नका म्हणून हॉटेलांना बजावलंय, तरी बुकिंगआधी ‘भारतीय पासपोर्ट चालेल ना’ हे चिनीत विचारून उत्तराचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. काउंटरवर मराठी चालत नाही, दादानं करून बघितलंय.